इथाकेत उतरल्यानंतरचे बारा सर्ग

यारावासी

परदेश बरा की आपला देश बरा, हा वाद मराठी बैठकांतून इतकी वर्षे चालत आला आहे की दोन्ही बाजूंची वाक्ये आता सगळ्यांना पाठ झाली आहेत. एकीकडे स्वच्छ हवा, ठरल्या वेळी येणारी गाडी, वशिल्यावाचून होणारे सरकारी काम आणि वरिष्ठांना नावाने हाक मारण्याची मोकळीक. दुसरीकडे आईवडिलांचे म्हातारपण, सणवार, न कळवता दारात येऊन उभी राहणारी माणसे, आणि जिच्यात भांडताना शब्द शोधावे लागत नाहीत अशी भाषा. मी अनेक वर्षे मेलबर्नमध्ये राहतो आणि हा जमाखर्च इतरांप्रमाणे मीही मांडत आलो आहे. अलीकडे मात्र या प्रश्नाची मांडणीच मला पटेनाशी झाली आहे, आणि त्याला कारण प्राचीन ग्रीक कवी होमरचे ‘ओडिसी’ हे काव्य आहे.

ग्रीक कथांकडे मी वळलो तो शेजारामुळे. मेलबर्नच्या आग्नेय भागातले ओकली हे उपनगर ग्रीक वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० ते १९७० या दोन दशकांत, ग्रीसमधून हजारो माणसे जहाजाने ऑस्ट्रेलियात आली. ती कारखान्यांत राबली, त्यांनी खाण्यापिण्याची छोटी दुकाने चालवली, घरे बांधली, मुलांना शनिवारी ग्रीक शाळेत धाडले. त्यांतले आज ऐंशी-नव्वदीला टेकलेले आजी-आजोबा कॉफी घेत बसतात, तेव्हा त्यांचे विषय आपल्या बैठकीतल्या विषयांपेक्षा फारसे निराळे नसतात: गावाकडचे ऑलिव्ह कोण उतरवणार, वडिलोपार्जित घराचे छप्पर कोण शाकारणार, आणि नातवंडे आपल्याशी इंग्रजीतच का बोलतात.

‘ओडिसी’ची, म्हणजे इथाका बेटाचा राजा ओडिसियस याच्या घरी परतण्याच्या कथेची, रूपरेषा बहुतेकांना ठाऊक असते. ट्रॉयच्या युद्धात दहा वर्षे, परतीच्या वाटेवर दहा वर्षे, वाटेत एकाक्ष राक्षस आणि चेटकीण, आणि शेवटी पत्नीला मागणी घालत घरात ठाण मांडून बसलेल्या पुरुषांचा संहार. परंतु या काव्याचे सर्ग चोवीस आहेत आणि ओडिसियस इथाकेच्या किनाऱ्याला लागतो तो तेराव्या सर्गात. ज्याला आपण प्रवासाचे काव्य समजतो, त्याचा निम्मा भाग माणूस घरी पोहोचल्यानंतर घडतो.

नायक आपल्याला प्रथम दिसतो तो पाचव्या सर्गात, कॅलिप्सो या अमर अप्सरेच्या बेटावर समुद्राकाठी रडत बसलेला. सात वर्षे तो तिथे राहिला आहे. द्राक्षांनी लगडलेला वेल, चार झरे आणि फुललेली कुरणे असे ते बेट पाहून हर्मीससारखा देवही क्षणभर थबकतो. कवी हेही सांगून टाकतो की कॅलिप्सोच्या सहवासात ओडिसियसचे मन आता रमेनासे झाले होते. म्हणजे एके काळी ते रमले होते, आणि हे सांगताना कवीला कसलाही संकोच वाटत नाही. ती त्याला अमरत्व देऊ करते आणि विचारते की तुझी बायको माझ्याहून देखणी आहे काय. एखाद्या बेताच्या कवीने या जागी नायकाच्या तोंडी पत्नीची स्तुती घातली असती. होमरचा ओडिसियस मात्र सरळ कबूल करतो की रूपाने आणि बांध्याने पेनेलोपी तुझ्यापुढे उणीच आहे, ती मर्त्य आहे आणि तू अजर आहेस, तरीही मला घरी जायचे आहे. तुलनेत त्याचे घर हरते आणि त्याचा निश्चय जराही हलत नाही. आपल्या वादात दोन्ही पक्षांना नेमके हेच जमत नाही. तिकडे राहिलेल्या माणसाला इकडच्या खड्ड्यांना आणि गर्दीला नावे ठेवल्यावाचून आपल्या राहण्याचे समर्थन करता येत नाही, आणि परतलेल्या माणसाला तिकडच्या एकाकीपणाचे भेसूर चित्र रंगवल्यावाचून आपल्या परतण्याचे.

मग तो घरी पोहोचतो. त्याला आसरा आणि भेटी देणाऱ्या फेएशियन लोकांचे खलाशी त्याला झोपेतच वाळूवर उतरवून निघून जातात. जागा झाल्यावर तो स्वतःचा देश ओळखू शकत नाही, कारण त्याची पाठराखीण असलेल्या अथीना देवीने सगळीकडे धुके पसरलेले असते. खलाशांनी आपल्याला भलत्याच मुलखात सोडले अशी त्याची समजूत होते, आणि सर्वप्रथम तो काय करतो, तर मिळालेल्या भेटी, म्हणजे तिपाया, कढया, सोने आणि वस्त्रे, एकेक करून मोजून घेतो. विमानतळाच्या फिरत्या पट्ट्यापाशी उभे राहून बॅगा मोजणाऱ्या कोणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये. मेंढपाळ तरुणाच्या वेषात अथीना समोर येते, तर तिलाही तो आपण क्रीटचे असल्याची थाप मारतो.

यापुढचे सर्ग म्हणजे ओळख पटण्याची एक लांबलचक मालिका आहे. मुलाला ओळख सांगावी लागते, म्हाताऱ्या दाईला ती व्रणावरून पटते, पेनेलोपी तर दोघांनाच ठाऊक असलेल्या पलंगाच्या गुपितावरून परीक्षा घेतल्यावाचून त्याला नवरा म्हणायला तयार होत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याने त्याला ओळखण्याच्या प्रसंगाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी तो सोडून देतो. मला सर्वांत आवडतो तो चोविसाव्या सर्गातला वडिलांच्या भेटीचा प्रसंग. ठिगळे लावलेले कपडे घातलेला लाएर्टीस बागेत एका रोपाभोवतीची माती भुसभुशीत करत असतो. तू माझा मुलगा असशील तर खूण दाखव, असे तो म्हणतो. ओडिसियस आधी गुडघ्यावरचा व्रण दाखवतो आणि मग लहानपणी याच बागेतून मागे मागे फिरताना वडिलांनी आपल्याला दिलेली झाडे मोजून सांगतो: नासपतीची १३, सफरचंदाची १०, अंजिराची ४० आणि द्राक्षांच्या ५० ओळी. युद्धातला पराक्रम, मिळवलेले सोने, पाहिलेली नगरे, यांतले काहीही तिथे कामाला येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की घर आणि परदेश यांतला फरक सुखसोयींच्या यादीत सापडत नाही. ज्या माणसांना आपली उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे आणि ज्यांच्या प्रश्नांची उत्तरे फक्त आपल्यालाच ठाऊक आहेत, ती माणसे कुठे आहेत यावर तो अवलंबून असतो. कॅलिप्सोच्या बेटावर सगळे होते, पण ओडिसियसला कोणीही परीक्षेचा प्रश्न विचारू शकत नव्हते. ज्यांनी या कथा वाचल्या आहेत, किंवा ज्यांनी परदेश सोडला अथवा सोडला नाही, त्यांना हे पटते का, ते वाचायला आवडेल.

उलटतपासणी

लेखाच्या शेवटी ‘उलटतपासणी’ या माझ्याच नावाचा उल्लेख आल्यामुळे लिहिणे भाग आहे. लेख आवडला, परंतु त्यातली तुलना मला आत्मप्रौढीची वाटते. ओडिसियस राजा आहे. त्याच्या घरात ५० दासी आहेत, आणि पेनेलोपीला मागणी घालणारे जे १०८ जण आहेत ते त्याच्या गुराढोरांवर आणि दारूवर वर्षानुवर्षे जगूनही घर रिकामे होत नाही. परतल्यावर तो त्या दासींपैकी १२ जणींना मारायचा हुकूम देतो आणि त्याचा मुलगा त्यांना फासावर लटकवतो, हे वर्णन वाचताना आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. अशा माणसाशी आपल्यासारख्या पगारदार मंडळींनी, जी स्वखुशीने आणि परतीचे तिकीट खिशात ठेवून गेली, आपली बरोबरी का करावी?

या काव्यात खरा परदेशस्थ कोणी असेल तर तो युमेयस, म्हणजे ओडिसियसचा डुकरे राखणारा गडी. त्याची हकिकत पंधराव्या सर्गात येते. तो एका दूरच्या बेटावरच्या राजाचा मुलगा होता. त्याच्याच घरातल्या एका फिनिशियन दासीने त्याला लहानपणी फिनिशियन व्यापाऱ्यांच्या जहाजावर नेले, आणि त्या व्यापाऱ्यांनी त्याला इथाकेत आणून लाएर्टीसला विकले. त्याला परतीचा प्रवास नाही, त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली पेनेलोपी नाही आणि त्याच्यासाठी खटपट करणारी अथीनाही नाही. तरीही भिकाऱ्याच्या वेषात आलेल्या मालकाला न ओळखता तो आसरा देतो, दोन डुकराची पिले मारून जेवू घालतो, आणि प्रत्येक परका व भिकारी देवांचा राजा झ्यूस याच्याच वतीने येतो असे सांगतो. चौदाव्या सर्गात तो असेही म्हणतो की आईवडिलांच्या घरी, जिथे जन्मलो तिथे, परत गेलो तरी असा मायाळू धनी मला पुन्हा मिळणार नाही. सबंध काव्यात होमर ज्याला वारंवार ‘तू’ म्हणून थेट संबोधतो ते पात्र हेच आहे, इथाकेचा राजा नव्हे.

आखातात पारपत्र मालकाच्या ताब्यात देऊन वर्षानुवर्षे राबणारा आपल्याकडचा कामगार या गोष्टीत स्वतःला ओळखील. यारावासींच्या निकषाने पाहिले तर युमेयसची परीक्षा घेणारे त्याच्या मूळ बेटावर कोणीच उरलेले नाही. मग त्याचे घर कुठले?

मृण्मयी

मी न्यू जर्सीत राहते. मला ‘ओडिसी’पेक्षा ग्रीक नाटककार युरिपिडीजचे ‘मेडिया’ जवळचे वाटते, आणि या चर्चेत ते नाटक आलेच पाहिजे असे वाटल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

हे नाटक इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सला स्पर्धेत सादर झाले आणि त्याला तिसरा क्रमांक मिळाला. मेडिया काळ्या समुद्राच्या टोकाकडील कोल्किसची राजकन्या. जेसन या ग्रीक वीराच्या प्रेमात पडून तिने त्याला सोनेरी लोकर मिळवून दिली, त्यासाठी स्वतःच्या घराशी वैर पत्करले, आणि कथेनुसार सख्ख्या भावाच्या रक्ताने हात माखून ती त्याच्याबरोबर निघून आली. नाटक सुरू होते तेव्हा कॉरिन्थ या ग्रीक शहरात जेसनने राजाच्या मुलीशी दुसरे लग्न केलेले असते आणि मेडियाला मुलांसह शहर सोडण्याचा हुकूम होणार असतो. त्या वेळी ती कॉरिन्थच्या बायकांपुढे जे बोलते, ते मी कितीदा तरी वाचले आहे. परक्याने गावाच्या रीतीशी जुळवून घेतलेच पाहिजे हे ती मान्य करते, परंतु पुढे म्हणते की तुमचे आणि माझे सारखे नाही. तुम्हाला हे शहर आहे, माहेर आहे, मैत्रिणी आहेत, आणि मला संकटात धरायला ना आई, ना भाऊ, ना कोणी नातलग. भाऊ का नाही, हे प्रेक्षकांना ठाऊक असते, आणि युरिपिडीज ते वाक्य तिच्या तोंडी मुद्दाम तसेच ठेवतो. तिच्याबद्दल निखळ कणव वाटून घेण्याची सोय तो ठेवत नाही.

जेसनचे उत्तर तर आजच्या कोणत्याही दिवाणखान्यात ऐकू यावे असे आहे. तू रानटी मुलखाऐवजी ग्रीसमध्ये राहतेस, येथे तुला न्याय आणि कायदा म्हणजे काय ते कळले, सगळ्या ग्रीकांत तुझ्या बुद्धीचा लौकिक झाला, आणि तिकडेच राहिली असतीस तर तुझे नाव कोणी घेतले असते? ज्याच्यासाठी तिने सगळे सोडले, तोच तिने ऋणी असायला हवे असे सांगतो. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या पत्नीला एच-४ व्हिसा मिळतो. त्या व्हिसावर कायद्याने कोणतीही नोकरी करता येत नसे. २०१५ च्या मे महिन्यापासून त्यांतल्या काही जणींना, म्हणजे ज्यांच्या पतीचे ग्रीन कार्डचे प्रकरण विशिष्ट टप्प्यापर्यंत पोहोचले आहे अशांना, काम करण्याचा परवाना मिळू लागला. त्याआधीची अनेक वर्षे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या किती बायका बँकेत स्वतःच्या कमाईचा एक डॉलर न भरता जगल्या, आणि ‘इथे तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न त्यांनी कितीदा ऐकला, ते मी जवळून पाहिले आहे. मेडिया शेवटी पोटची मुले मारते, त्यामुळे तिला आदर्श मानण्याचा प्रश्नच नाही. पण परदेश आणि घर यांची तुलना नवऱ्याच्या आणि बायकोच्या वाट्याला एकसारखी येत नाही, ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी एका पुरुषाने, पुरुषांनीच भरलेल्या समाजाच्या स्पर्धेत मांडली, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

यारावासी, तुमच्या लेखात पेनेलोपी केवळ परीक्षा घेण्यापुरती येते. मागणी घालणाऱ्यांना थोपवण्यासाठी सासऱ्याचे कफन दिवसा विणायचे आणि रात्री उसवायचे, असे तिने तीन वर्षे केले. तिच्या वीस वर्षांचा हिशेब कोणी विचारायचा?

हर्णैबंदर

मी कुठेही गेलो नाही. दापोली तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, मुलगा सिंगापूरला असतो. त्यामुळे हा धागा मी लाएर्टीसच्या बाजूने वाचतो आहे.

झाडांच्या प्रसंगाबद्दल यारावासींनी लिहिले ते फार खरे आहे. आमच्या वडिलांनीही नातवंडांच्या नावाने कलमे लावली होती आणि मुलगा सुट्टीत येतो तेव्हा आपले कलम कोणते ते त्याला अचूक सांगता येते. परंतु सातबाऱ्याला भावना कळत नाही. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. मुलाने उद्या तिकडचे नागरिकत्व घेतले तर त्याला परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड मिळेल, येण्याजाण्याची मोकळीक राहील, पण शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारसाहक्काने आलेली बाग तो ठेवू शकेल, शेजारची दोन गुंठे जोडू शकणार नाही. लाएर्टीसला निदान ही काळजी नव्हती.

आणि एका व्यक्तीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. ओडिसियसची आई अँटिक्लिया. अकराव्या सर्गात तो मृतांच्या लोकाशी बोलायला जातो, तिथे त्याला ती दिसते. तो ट्रॉयला निघाला तेव्हा ती जिवंत होती, त्यामुळे ती गेल्याचे त्याला तिथेच कळते. तू कशाने गेलीस असे विचारल्यावर ती सांगते की मला आजार झाला नाही, तुझ्याच ओढीने मी झुरून गेले. तो तीनदा तिला कवेत घ्यायला जातो आणि तीनदा ती सावलीसारखी निसटते. आमच्या पंचक्रोशीत असे ज्यांच्या बाबतीत झाले त्या घरांची नावे मी घेत नाही. फोनवर रोज दिसणारे माणूस जवळ असतेच असे नाही, इतकेच म्हणतो.

यारावासी

उलटतपासणी, युमेयसचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे आणि त्यासाठी आभार. माझ्या निकषाला मी चिकटून राहिलो तर असे म्हणावे लागते की युमेयसचे घर इथाकाच, कारण एकविसाव्या सर्गात मागणी घालणाऱ्यांना मारण्यासाठी धनुष्य हाती घेण्याआधी ओडिसियस ज्या मोजक्या माणसांपुढे स्वतःला उघड करतो त्यांत युमेयस आहे, आणि व्रण पाहून खात्री करण्याचा हक्क त्यालाही मिळतो. राजाची ओळख पटवण्याचा अधिकार विकत घेतलेल्या परदेशी गड्याला मिळावा, ही होमरची उदारता आहे. दासींच्या फाशीबद्दल मात्र मी बचाव करणार नाही.

मृण्मयी, जेसनचे ते भाषण मी असे कधी वाचले नव्हते. हर्णैबंदर, अँटिक्लियाचा प्रसंग मी लेखातून मुद्दाम वगळला होता. २०२० च्या मार्चपासून दीड वर्षाहून अधिक काळ ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या, आणि मे २०२१ मध्ये तर भारतातून परत येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही या देशाने काही दिवस मज्जाव केला व तो मोडल्यास शिक्षेची तरतूद ठेवली. त्या काळात येथल्या अनेक मराठी घरांत वडिलांचे किंवा आईचे अंत्यविधी पडद्यावर पाहिले गेले. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या माणसांनाही त्या महिन्यात आपण नेमके कुठले, हा प्रश्न पडला होता.

नाणेघाट

नागरिकत्वाचा विषय निघालाच आहे, तर कथांच्या शेजारी प्रत्यक्ष अथेन्सही ठेवून पाहावे. तिथे परगावाहून येऊन राहिलेल्या लोकांचा एक स्वतंत्र वर्गच होता. त्यातल्या पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा आणि स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीला ६ द्राख्मा कर भरावा लागे, एखाद्या नागरिकाला आपला जामीनदार म्हणून दाखवावे लागे, गरज पडल्यास सैन्यात जावे लागे. पण मतदान करता येत नसे आणि खास परवानगीवाचून जमीन किंवा घर घेता येत नसे. अॅरिस्टॉटल मूळचा स्टॅगिराचा, म्हणून आयुष्याचा मोठा भाग अथेन्समध्ये घालवूनही तो परकाच राहिला. हर्णैबंदर यांनी सांगितलेला शेतजमिनीचा नियम ही काही आजची कल्पना नव्हे.

इ.स.पू. ४५१ मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने कायदा करवून घेतला की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक ठरेल. पुढे तो स्वतः मिलेटसहून आलेल्या अस्पेशियाबरोबर राहू लागला आणि तिच्यापासून झालेला त्याचा मुलगा त्याच कायद्याने परका ठरला. साथीच्या रोगात आधीची दोन्ही मुले गेल्यावर पेरिक्लीसने जनसभेकडे अपवादाची याचना केली, आणि लोकांनी दया येऊन ती मान्य केली. नागरिकत्वाचे कडक कायदे मागणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांना, आणि स्थलांतर करून स्थिरावल्यावर मागून येणाऱ्यांसाठी दार बंद करा म्हणणाऱ्या आपल्याच काही बांधवांना, ही हकिकत वाचायला द्यावी.

आता आपल्या मातीतला दाखला. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट येथल्या यवनांनी (त्या काळी हा शब्द ग्रीकांसाठी वापरत) दान दिल्याचे त्या खांबांवरच कोरलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची तीन दाने आहेत, त्यांतले एक पाण्याच्या दोन पोढींचे, म्हणजे टाक्यांचे, आणि एक भोजनमंडपाचे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडच्या दत्तामित्री नगराहून आलेला इंद्राग्निदत्त हा योनक, म्हणजे यवन, आपले गाव, आपला बाप धर्मदेव आणि आपला मुलगा धर्मरक्षित यांची नोंद करतो आणि आईवडिलांप्रीत्यर्थ लेणे खोदवतो. हे सगळे वंशाने ग्रीक होते की यवन म्हणवणारे स्थानिक होते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला लक्षणीय वाटते ते असे की तीन पिढ्यांची नावे इथली, दान इथल्या धर्माला, लिपी इथली, आणि तरीही दगडावर कायमचे लिहायची वेळ आली तेव्हा त्या माणसाने आपण मूळचे कुठले ते गाळले नाही.

पैलतीर

मी परत आलो आहे आणि पुण्यात स्थिरावलो आहे. मूळ लेखातली एक गोष्ट मला खटकते. तुलना फोल आहे असे म्हणणे परवडते ते निर्णय घेऊन झालेल्या माणसाला. मुलाची शाळा, वडिलांचे औषधपाणी आणि पन्नाशीत मिळणारी वा न मिळणारी नोकरी यांचा विचार ज्याला करायचा आहे, त्याला यादी करावीच लागते.

दुसरे असे की ग्रीकांनी परतण्याची एकच कथा सांगितली नाही, आणि आपण नेहमी सर्वांत यशस्वी कथाच उचलतो. ट्रॉयवर गेलेल्या ग्रीकांचा सेनापती अॅगामेम्नॉन विजयी होऊन घरी येतो आणि येताच मारला जातो. मेनेलेयस आठ वर्षे भटकून अपार संपत्तीसह स्पार्टाला पोहोचतो, आणि ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस याला सांगतो की या वैभवात मला आनंद नाही, यातल्या एक तृतीयांशावर मी राहिलो असतो, पण ट्रॉयला मेलेली ती माणसे जिवंत हवी होती. गेलेल्यांच्या आठवणीने सगळेच रडू लागतात तेव्हा त्याची बायको हेलन सर्वांच्या मद्यात दुःख विसरायला लावणारे औषध गुपचूप मिसळते. परतलेल्यांच्या मेजवान्यांतून मला हे घर फार ओळखीचे वाटते. आणि ट्यूसरची कथा तर याहून कठोर आहे. तो ट्रॉयहून आपल्या सॅलॅमिस बेटावर सुखरूप परततो, परंतु भाऊ एजॅक्स बरोबर नाही आणि त्याच्या मरणाचा सूडही घेतला नाही म्हणून बाप टेलॅमॉन त्याला थारा देत नाही. ट्यूसर पुन्हा समुद्रावर निघतो आणि सायप्रसला जाऊन नवे नगर वसवतो, त्यालाही सॅलॅमिस हेच नाव देतो. तुमची परीक्षा घेणारी माणसे घरी असतात हे मान्य, पण ती नापासही करू शकतात, हे तुमच्या लेखात नाही.

खुद्द ओडिसियसलाही निवांत राहता येत नाही. मृतांच्या लोकात भेटलेल्या टायरेसियस या भविष्यवेत्त्याने त्याला सांगून ठेवलेले असते की सगळे निस्तरल्यावर खांद्यावर वल्हे घेऊन पुन्हा निघ, आणि समुद्र ज्यांना ठाऊकच नाही अशा लोकांत जा. वाटेत कोणी त्या वल्ह्याला धान्य उफणण्याचे अवजार समजला की तिथेच ते जमिनीत रोवून समुद्रदेव पोसायडनला बळी दे. तेविसाव्या सर्गात, वीस वर्षांनी भेटलेल्या पत्नीला तो पहिल्याच रात्री ही बातमी सांगतो. परत आल्यावरही पाय घरात ठरत नाहीत, ही आम्हा परतलेल्यांची तक्रार होमरला पूर्ण ठाऊक होती.

मृण्मयी

पैलतीर, त्या वेळी पेनेलोपी काय म्हणते तेही सांगायला हवे. देव म्हातारपण चांगले देणार असतील तर आपल्या हालअपेष्टा संपतील अशी आशा आहे, इतके शांत उत्तर ती देते, आणि मग दोघे झोपायला जातात. त्यानंतर ती आधी आपली हकिकत सांगते आणि मग तो त्याची सांगतो. हा क्रम मला आवडतो. माझ्या आधीच्या प्रश्नाचे उत्तर होमरने तिथे दिले आहे असे आता वाटते.

हर्णैबंदर

एक विचारायचे राहिले. मी या गोष्टी लहानपणी मुलांच्या मासिकांतून आणि पुढे तुकड्यातुकड्यांनी वाचल्या. सबंध काव्य वाचायचे तर चोवीस सर्गांपुढे छाती दडपते. सुरुवात कुठून करावी?

यारावासी

पैलतीर, ट्यूसरचा आक्षेप मी मान्य करतो आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. यादी करणाऱ्यांविरुद्धही माझी तक्रार नाही. यादी संपल्यावर निर्णय आपोआप हाती येईल या अपेक्षेविरुद्ध आहे.

हर्णैबंदर, पहिले चार सर्ग टेलेमाकसचे आहेत आणि ओडिसियस त्यांत प्रत्यक्ष येत नाही, त्यामुळे पुष्कळ वाचक तिथेच थांबतात. तुम्ही पाचव्यापासून सुरुवात करावी, आठव्यापर्यंत सलग जावे, नवव्या ते बाराव्या सर्गांतली राक्षसांची प्रकरणे तुम्हाला माहीत असतीलच, ती हवी तर भरभर वाचावीत, पण अकरावा सोडू नये. तेराव्यापासून मात्र सावकाश. चौदाव्या आणि पंधराव्यात युमेयसची झोपडी आहे, आणि तिथे काही घडत नाही अशी तक्रार अनेकजण करतात. दोन माणसे शेकोटीपाशी बसून एकमेकांना आपापली दुःखे सांगतात, इतकेच तिथे आहे, आणि युमेयस म्हणतोही की रात्री मोठ्या आहेत, झोपेची घाई कशाला. पहिले चार सर्ग सगळ्यांत शेवटी वाचा. मुलगा बापाच्या शोधात निघतो तो भाग तुम्हाला सिंगापूरच्या फोननंतर वाचायला बरा वाटेल. गद्य अनुवाद मिळाला तर तोच घ्या, आणि सोबत पात्रांच्या नावांचा एक कागद ठेवा, कारण प्रत्येकाचा उल्लेख बापाच्या नावानेही होतो.